भात्याचा कॅमेरा

२०२० सालच्या जानेवारीत जुन्या नाशकातल्या घराघरांतले माळे उतरवले जात होते. आदल्या महिन्यात नागरिकत्वाच्या कायद्यात दुरुस्ती झाली होती आणि आज ना उद्या कागद मागितले जातील, या धास्तीने जो तो आजा-पणजाचे काहीबाही शोधत होता. मालेगावात तर जन्मदाखल्यांसाठी महापालिकेपुढे रांगा लागल्या होत्या. आम्ही पडलो उर्दू शाळेत इतिहास शिकवणारे. मोहल्ल्यातले लोक शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, घडीवर फाटलेले निकाहनामे घेऊन आमच्याकडे येत आणि विचारत, 'सर, ये कागज चलेगा क्या?' कोणता कागद चालेल हे त्या दिवसांत कोणालाच सांगता येत नव्हते, तरी आम्ही ते उजेडात धरून वाचत असू. शेवटी एका रात्री अम्मी म्हणाली, 'लोकांचे कागद वाचतोस, आपल्या नानांची पेटी कधी उघडणार?'

पेटी उघडली. कागद म्हणावा असा त्यात एकच निघाला, दुकानभाड्याची पावती, तिच्यावरचे साल पुसलेले. तळाशी मात्र बिस्किटांच्या डब्यात, कापडात गुंडाळलेला एक काळा कॅमेरा होता. त्याखाली खाकी पाकीट आणि पाकिटात बारा चौकोनी निगेटिव्ह. पाकिटावर नानांच्या उर्दू अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले : रजब १३८९. हिशेब केला तेव्हा तो १९६९ चा सप्टेंबर-ऑक्टोबर निघाला. नाशिकची जुनी माणसे ज्याला 'एकोणसत्तरचा पूर' म्हणतात, त्या गोदावरीच्या महापुराचे हे साल.

निगेटिव्ह खिडकीशी धरले. काळ्या चेहऱ्याच्या, पांढऱ्या केसांच्या बायका. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे दिसते, हे आमच्या भाचीला समजावून सांगावे लागले. बारा बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर ओढणी आणि चेहरा उघडा. एकीचाही फोटो आम्ही पूर्वी कुठे पाहिलेला नव्हता.

इतिहासाचे साधन हाती आले की आधी ते साधन तपासावे, मग त्याच्या आधारे बोलावे, असे आम्ही दहावीच्या मुलांना सांगतो. तेव्हा आधी कॅमेराच पाहू.

बंद असताना तो कॅमेरा आहे हे सांगावे लागते. दोन तळहातांत मावेल एवढी ती चपटी पेटी. वरचे बटण दाबले की पुढचे झाकण खट्कन खाली पडते आणि काळ्या भात्याच्या टोकाला बसवलेले भिंग बाहेर येऊन ताठ उभे राहते. लोहाराकडे किंवा हार्मोनियमला असतो तसाच हा भाता, फक्त हवेऐवजी अंधार सांभाळणारा. आमच्या नानीने त्याला 'घडी का कॅमेरा' असे नाव ठेवले होते. बाजारात त्याला फोल्डिंग कॅमेरा म्हणत. आमचा हा कॅमेरा अ‍ॅग्फा कंपनीचा 'आयसोलेट-२'. जर्मनीतल्या म्युनिकच्या कारखान्यात तो १९५० पासून साधारण १९६० पर्यंत तयार होत असे. भिंगावर 'अपोटार', ४.५ आणि ८५ मिलिमीटर असे कोरलेले आहे, शटरवर 'प्रोंटोर-एस'.

कॅमेऱ्याला घडी कशासाठी? भिंग आणि फिल्म यांच्यात ठरावीक अंतर लागते. फिल्म मोठी तर भिंगही लांब पल्ल्याचे, आणि भिंग लांब पल्ल्याचे तर पेटी खोल. म्हणजे कॅमेऱ्याचे पोट ही बरीचशी रिकामी अंधारी जागाच असते. ती गरज नसताना मिटवून ठेवायची, एवढीच घडीमागची कल्पना. भात्याचे मोठे कॅमेरे १८५० च्या दशकापासून होते, पण त्यांना तिकाटणे लागे, काचेच्या प्लेटा लागत, ओझे वाहायला माणूस लागे. कोडक कंपनीने १८९७-९८ च्या सुमारास खिशात मावणारा फोल्डिंग कॅमेरा काढला आणि १९०१ मध्ये '१२०' नंबरचा रोल आणला. सहा सेंटिमीटरहून किंचित रुंद अशी ही फिल्म काळ्या कागदासह गुंडाळलेली येते. सव्वाशे वर्षे होत आली, तरी ती आजही मिळते. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांच्या खिशात कोडकचा याहून लहान फोल्डिंग कॅमेरा असे. १९२४ मध्ये एव्हरेस्टवर नाहीसे झालेले मॅलरी आणि आयर्विन तसलाच एक कॅमेरा घेऊन गेले होते असे मानतात, आणि तो अजून सापडलेला नाही. तो सापडला तर एव्हरेस्टचा इतिहास बदलेल म्हणून लोक आजही बर्फात शोध घेतात. आमच्या माळ्यावर कोणी शोध घेत नव्हते, हा आमच्या आळसाचा भाग.

१२० च्या रोलवर कॅमेऱ्याप्रमाणे फोटो बसतात. सहा बाय नऊ सेंटिमीटरचे आठ, सहा बाय सहाचे बारा किंवा सहा बाय साडेचारचे सोळा. फिल्मच्या पाठीवरच्या कागदावर तिन्ही हिशेबांचे आकडे तीन ओळींत छापलेले असतात. कॅमेऱ्याच्या पाठीला एक लहानशी लाल खिडकी असते, तिच्यातून आपल्या ओळीचा आकडा दिसला की किल्ली फिरवणे थांबवायचे. आयसोलेटची खिडकी मधल्या ओळीवर, म्हणजे बारा फोटोंची. फोटो काढल्यावर रोल पुढे सरकवला नाही तर बटण दाबलेच जात नाही, त्यामुळे एकाच चौकटीवर दोन चेहरे उमटण्याची भीती नाही. शटरचा वेग एका सेकंदापासून सेकंदाच्या अडीचशेव्या भागापर्यंत बदलता येतो. हे शटर म्हणजे एक छोटे घड्याळच आहे. आत स्प्रिंग, दातेरी चाके, सगळे घड्याळजीच्या कामाचे.

आणि आमचे नाना घड्याळजी होते.

दहीपुलाच्या उतारावर त्यांचे चार फुटांचे दुकान होते. घर चौक मंडईच्या बाजूला. हा कॅमेरा त्यांच्याकडे शटर अडकले म्हणून दुरुस्तीला आला आणि ज्याचा होता तो परत फिरकलाच नाही, असे अम्मी सांगते. वर्षभर वाट पाहून नानांनी तो वापरायला काढला. त्या काळात परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध होते. नवा जर्मन कॅमेरा घड्याळजीच्या ऐपतीतला नव्हे. अ‍ॅग्फाचेच साधे कॅमेरे बडोद्याला तयार होऊ लागले होते आणि 'क्लिक-३' तर पुढे घराघरांत गेला, पण तो सहलीचा कॅमेरा. जवळून एका माणसाचा चेहरा नीट टिपायचा तर भिंगाचे अंतर बदलता यायला हवे, आणि आयसोलेटमध्ये ते एक मीटरपर्यंत खाली आणता येते.

इथे थोडे गणित करू. वर्गात आम्ही हे गणित खरोखरच घातले होते. भिंग ८५ मिलिमीटरचे आणि माणूस एक मीटरवर, तर फिल्मवरची प्रतिमा साधारण अकरा पट लहान होते. हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा बावीस-तेवीस सेंटिमीटर धरला, तर निगेटिव्हवर तो दोन सेंटिमीटरचा उमटतो. पासपोर्टच्या फोटोला तेवढा चेहरा पुरतो! निगेटिव्ह फोटोच्या कागदावर थेट दाबून ठेवायचे, वर दिवा लावायचा, फोटो तयार. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात. पस्तीस मिलिमीटरच्या छोट्या फिल्मवर नेहमीच्या भिंगाने हाच चेहरा जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा येतो, तो मोठा करायला एन्लार्जर लागतो, आणि एन्लार्जर स्टुडिओवाल्याकडेच असतो. म्हणजे मोठ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्याने फोटो घरातल्या घरात होऊ शकत होता. ज्या बायकांचे हे फोटो आहेत, त्यांच्या दृष्टीने सगळे काही या 'घरातल्या घरात'वर अवलंबून होते.

फोटोबद्दल आमच्या समाजात काय वाद झाले ते वाचकांना माहीत आहे. ते इथे उकरून काढण्याची गरज नाही. एवढेच सांगतो की वाद होते तसे फोटोही होते. इजिप्तचा लष्करी अधिकारी सादिक बे याने १८६१ मध्ये मदिनेचे आणि १८८० मध्ये मक्केचे फोटो काढले. दिल्लीच्या हाजी अहमद मिर्झांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हरमैनचे फोटो काढून आणले आणि चांदणी चौकातून ते देशभर गेले. लखनौचे दरोगा अब्बास अली यांचा 'लखनौ अल्बम' १८७४ चा. बहुतेक घरांत शेवटी तडजोड ठरली ती अशी : शौकासाठी नको, जरुरीसाठी चालेल. आणि सर्वांत मोठी जरुरी होती हज.

बंबईहून जिद्दाला जहाजे जात (समुद्राची ही वाट १९९५ मध्ये बंद झाली). हाजींना वेगळा 'पिलग्रिम पास' मिळे. २००९ पासून सौदी सरकारने आंतरराष्ट्रीय पासपोर्ट मागायला सुरुवात केली आणि पास गेला. पास असो की पासपोर्ट, फोटो लागणारच. ब्रिटिशांच्या पासपोर्टवर पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये फोटो आला, तो कायमचा. भारताच्या पासपोर्टची पुस्तिका तर आमच्याच नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. १९२५ मध्ये सुरू झालेल्या या प्रेसवर नाशिक रोडच्या कितीतरी घरांच्या चुली पेटल्या. पुस्तिका गावातली, पण तिच्यात चिकटवायचा चेहरा गल्लीच्या टोकावरच्या स्टुडिओपर्यंत जायला तयार नव्हता.

नव्हता, म्हणजे का? खालाने एक प्रसंग सांगितला. मोहल्ल्यातली एक बाई स्टुडिओत जाऊन फोटो काढून आली. चार दिवसांनी तिच्या मुलाला दिसले की आईचा फोटो मोठा करून नमुना म्हणून दुकानाच्या काचेत लावलेला आहे. स्टुडिओवाल्याचा हेतू वाईट नसेल, फोटो चांगला आला म्हणून लावला असेल. पण त्यानंतर बायकांनी स्टुडिओची पायरी चढायचे सोडले. त्यांच्याजागी आम्ही असतो तर आम्हीही सोडले असते, असे आमचे स्पष्ट मत आहे. फोटो कोणाचा, काढणाऱ्याचा की ज्याचा चेहरा आहे त्याचा, हा प्रश्न आज मोबाईलच्या जमान्यात शहाण्यासुरत्या माणसांना पडतो. त्या बायकांना तो तेव्हाच पडला होता.

नाना घरी जाऊन फोटो काढत, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. शेरवानीच्या खिशात बंद कॅमेरा घालून ते निघाले की गल्लीत कोणाला कळत नसे. तिकाटणे, काळे कापड असा थाट असता तर पोरांची वरात मागे लागली असती. इथवर गोष्ट आम्हाला ठाऊक होती. पण डबा उघडल्यावर अम्मी सहज म्हणून गेली, 'नाना तर दारातच बसायचे. फोटो नानी काढायची.'

आम्ही ते दोनदा विचारून घेतले.

नाना नामहरम. परक्या बाईने त्यांच्यासमोर चेहरा उघडून बसायचे, हे ना तिला पटणार ना त्यांना. म्हणून त्यांनी कॅमेऱ्याचे सगळे ठरवायचे काम बाहेर केले आणि दाबायचे काम नानीला शिकवले. आयसोलेट-२ ला अंतर मोजण्याची दुर्बीण नाही (ती आयसोलेट-३ ला असते, आणि तिचाही आकडा वाचून कडी हाताने फिरवावी लागते). अंतर अंदाजाने ओळखायचे असते. एक मीटरवर अंदाज चुकला की फोटो गेला, कारण भोक एफ-११ पर्यंत बारीक केले तरी पुढेमागे मिळून पंधराएक सेंटिमीटरच स्पष्ट येते. नानांनी त्यावर घड्याळजीचा तोडगा काढला. भिंगाजवळच्या पट्टीला एक मजबूत दोरा बांधला आणि बरोबर एक मीटरवर त्याला गाठ मारली. गाठ बाईच्या नाकाला टेकली पाहिजे, मग दोरा बाजूला धरायचा आणि बटण दाबायचे. कॅमेरा हातात धरायचा नाही, अंगणात उलट्या ठेवलेल्या पिंपावर ठेवायचा, कारण अंगणाच्या सावलीत सेकंदाच्या पंचविसाव्या भागाचा वेग लागे आणि तेवढ्यात हात हलतो. दिवाणखान्यात नाही, अंगणातच, आणि ऊन भिंतीवरून उतरल्यावर. डोक्यावर चार बोटे जागा जास्त सोडायची, कारण बघायची खिडकी भिंगाच्या वर आहे आणि जवळून पाहताना ती थोडे फसवते.

राहिला लाल खिडकीतला आकडा. नानी कुराण वाचायची, उर्दू लिहायची, इंग्रजी आकडे मात्र शाळेत शिकली नव्हती. पण घड्याळजीची बायको! एक ते बारा आकडे तिने घड्याळांच्या तबकड्यांवर रोज पाहिलेले होते आणि सहा बाय सहाच्या रोलला नेमके तेवढेच आकडे लागतात.

आजही त्या कॅमेऱ्याची फोकसची कडी फिरत नाही. जुन्या भिंगांच्या आट्यांतले ग्रीस वर्षानुवर्षांत सुकून घट्ट होते, तसे झाले आहे. कडी जिथे घट्ट झाली ती खूण आहे एक मीटरची. भात्याच्या घड्यांवरही आम्ही अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून पाहिले. कोपऱ्या-कोपऱ्यांवर सुईने टोचल्यासारखे सात-आठ ठिपके चमकले. पन्नास पावसाळ्यांत भाता असाच झिजतो. आता त्यात रोल घातला तर प्रत्येक फोटोवर पांढरे ढग येतील.

रोल महाग होता. म्हणून बारा बायका जमल्याशिवाय तो भरायचा नाही, अशी रीत होती. खर्च बारा वाटे. ओरवोचे रोल मिळत, पुढे उटीच्या सरकारी कारखान्याचे 'इंदू' मिळू लागले (तो कारखाना आता बंद झाला आहे). रोल धुवायला बाहेर टाकायचा नाही, हेही ठरलेले. इशाच्या नमाजनंतर मोरीत कांबळी लावून पूर्ण अंधार करायचा आणि फिल्मची दोन टोके दोन हातांत धरून ती थाळीतल्या औषधातून खाली-वर ओढत राहायचे. नाना बाहेर घड्याळ धरून मिनिटे मोजत, आत नानी. फिल्म नंतर हायपोत, मग पाण्यात, मग दोरीवर चिमट्याने वाळत. सकाळी मुलांना दोरीजवळ जायला बंदी. प्रिंट करताना तांबडा दिवा चालतो, म्हणून तेवढे काम नानाही करत. पण प्रिंट काढून झाले की निगेटिव्ह ज्याचे त्याला परत. अमानत ती. मग हे बारा परत का गेले नाहीत, ते अम्मीला आठवत नाही. त्या सालचे प्रिंट आणि हिशेबाची वही दुकानात होती, आणि २००८ च्या सप्टेंबरात गोदावरीचे पाणी दहीपुलापर्यंत आले तेव्हा मामूंच्या डोळ्यांदेखत सगळे भिजून गेले. माळ्यावर होते म्हणून निगेटिव्ह वाचले.

नाशिकला कॅमेऱ्याचा इतिहास सांगायचा म्हणजे दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्म, गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ, १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आणि त्याच वर्षी नाशिकला मुक्काम. बडोद्यात लोक म्हणत की कॅमेरा माणसाचा प्राण ओढून घेतो; म्हणजे कॅमेऱ्याची धास्ती ही काही एका समाजाची मिरास नव्हती. हे सगळे आमच्या मुलांना पाठ आहे. पण सरस्वतीबाई फाळके कोण, असे विचारले तर वर्ग गप्प. कोऱ्या फिल्मला रात्री अंधारात छिद्रे पाडणे, फिल्म धुण्याची औषधे कालवणे, ऊन परतवायला पांढरी चादर धरून उभे राहणे आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, ही त्यांची कामे. चित्रपटासाठी त्यांचे दागिने गहाण पडले. पडद्यावर नाव फाळक्यांचे. होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या महिला वृत्त-छायाचित्रकार. त्यांचेही सुरुवातीचे फोटो पतीच्या नावाने छापले गेले होते. पडद्यातल्या बायकांसाठी बाईनेच फोटो काढावा, ही कल्पनाही आमच्या नानांनी शोधलेली नाही. राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादला जनाना स्टुडिओ काढला, त्याची जबाबदारी केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाईंकडे होती. तो उमरावांचा जनाना. चौक मंडईच्या जनान्याला एक पिंप, एक दोरा आणि नानी पुरली. आम्ही स्वतः कितीदा 'नानांचा कॅमेरा', 'नानांनी काढलेले फोटो' असे म्हणालो असू! इतिहासाच्या शिक्षकाला हे शोभत नाही, पण झाले खरे.

निगेटिव्हवरून फोटो करायला आज स्टुडिओही लागत नाही. आमच्या भाचीने टॅबचा पडदा कोरा पांढरा केला, त्यावर बटर पेपर अंथरून निगेटिव्ह ठेवले, मोबाईलने फोटो घेतला आणि रंग उलटे केले. पाच मिनिटांत पन्नास वर्षांपूर्वीची एक बाई आमच्याकडे पाहू लागली. सहा सेंटिमीटरच्या फिल्मची ताकद तेव्हा कळली. नाकातल्या चमकीचा खडा दिसत होता, ओढणीच्या काठाचा टाका दिसत होता. अम्मी एकेकीला नावाने हाक मारू लागली. जणू त्या अंगणातच होत्या.

अकरा चेहऱ्यांपैकी सात ओळखले गेले. आम्ही दोन महिने, मग टाळेबंदी उठल्यावर पुन्हा, घरोघर गेलो. पाच घरांत आईचा किंवा दादीचा तो एकमेव फोटो ठरला. एका वकिलांनी तो पाहून विचारले, याचा कागद म्हणून उपयोग होईल का? नाही होणार, असे सांगावे लागले. एका घरी जिची आई होती त्या आता स्वतः सत्तरीच्या. त्यांनी मोबाईलवरचा फोटो बराच वेळ पाहिला, मग म्हणाल्या, 'अम्मांनी हा हजसाठी काढला होता, लोकांनी बघायला नाही. निगेटिव्ह आमचे आम्हाला द्या, आणि मोबाईलमधून काढून टाका.' इतिहास शिकवणाऱ्याच्या मनात काय आले ते आम्ही लपवत नाही. एक साधन हातचे जाणार, याचे वाईट वाटले. त्यांच्यासमोरच फोटो पुसला आणि निगेटिव्ह दिले. पन्नास वर्षे उशिराने का होईना, ते ज्याचे त्याला गेले. अकरावी घरे दुसऱ्या गावांत गेलेली आहेत, एखादे मुंब्र्याला, एखादे औरंगाबादकडे. चार चेहऱ्यांची नावे अजून लागायची आहेत.

बारावी चौकट वेगळी आहे. त्या रजबमध्ये अकराच बायका जमल्या होत्या, यावर अम्मी आणि खाला दोघींचे एकमत आहे. मग बारावी कोण? फोटो किंचित अस्पष्ट आहे. बाई इतरांपेक्षा मागे बसली आहे आणि खालच्या कोपऱ्यात एक जाड धूसर रेघ लोंबते आहे. बाकीच्या अकरांत ही रेघ नाही. आम्ही कॅमेरा पिंपावर ठेवून, दोरा बांधून पाहिले, ती दोऱ्याचीच असणार. म्हणजे त्या वेळी दोरा बाजूला धरायला कॅमेऱ्याजवळ कोणी नव्हते. प्रोंटोर-एस शटरला एक लहान कळ आहे. ती ओढून बटण दाबले की दहाएक सेकंद घरघर होते आणि मग शटर आपोआप उघडते. स्वतःचा फोटो स्वतः काढण्याची ती सोय.

अम्मी तेव्हा नऊ वर्षांची. ती शपथेवर सांगते की ती घरघर तिने ऐकली होती आणि अम्मा (म्हणजे आमची नानी) ओढणी सावरत धावत पाटावर जाऊन बसली होती. खाला तेरा वर्षांची होती. ती म्हणते, शक्यच नाही. अम्मा जरुरीशिवाय फोटोला हात लावत नसे, हजला जायचे तिच्या नशिबातच नव्हते, मग ती स्वतःचा फोटो का काढील? कोणी तरी शेजारीण असेल, दोरा राहिला असेल लोंबत. नानी १९८३ मध्ये गेली. तिचा दुसरा फोटो नाही, त्यामुळे ताडून पाहायला काही नाही. हातातल्या पाटल्यांवरून ओळखावे तर तशा पाटल्या मोहल्ल्यात दहा जणींकडे होत्या, असे खालाचे म्हणणे.

आम्ही पाकिटांवर क्रमांक घातले आहेत. बाराव्या पाकिटावर लिहिले, 'ओळख पटलेली नाही'. पुरावा तेवढाच सांगतो. पुढच्या वेळी पाकीट काढले तेव्हा त्या ओळीखाली अम्मीने पेन्सिलीने एक नाव लिहून ठेवले होते. ते आम्ही खोडलेले नाही. खालाला अजून दाखवलेलेही नाही.

या लेखासोबत छापायला एखादा फोटो पाठवा, असा संपादकांचा निरोप होता. आम्ही कॅमेऱ्याचा पाठवला आहे, झाकण उघडून, भाता बाहेर काढून.